फुप्फुसाच्या गाठीतल्या टी-पेशींसाठी तळातून हवा घेणारा फ्लास्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (टीआयएल), प्रयोगशाळेत वाढवायला हा फ्लास्क घ्यावा का? घ्यावा, पण जुन्या फ्लास्कच्या सवयी सोडून. साध्या फ्लास्कमध्ये ऑक्सिजन वरून झिरपतो, म्हणून मीडियमचा (पेशींच्या पोषक द्रवाचा) थर दोन-तीन मिलिमीटरच ठेवावा लागतो. इथे पेशी सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर बसतात आणि हवा खालून घेतात. 100 चौरस सेंटिमीटर तळावर लिटरभर मीडियम, म्हणजे 10 सेंटिमीटर उंची, आरामात चालते. वारंवार उघडावं लागत नाही, त्यामुळे संसर्गाची धास्ती बरीच कमी होते.

सुरुवातीला 50 लाख टीआयएल, त्यांच्या संख्येच्या 100 पट फीडर पेशी (किरणोत्सर्ग दिल्याने स्वतः न वाढणाऱ्या, टीआयएलच्या वाढीला मदत करणाऱ्या रक्तपेशी), 400 मिलिलिटर मीडियम. दर मिलिलिटरला ओकेटी-3 (टी-पेशींना चेतवणारं प्रतिपिंड) 30 नॅनोग्रॅम आणि आयएल-2 (त्यांना वाढवणारं प्रथिन) 3000 युनिट. पहिल्या काही दिवसांत एकूण आकडा घसरतो. फीडर मरत असतात, टीआयएल नव्हे. तेव्हा घाईने काही बदलू नये. सातव्या दिवसाच्या सुमारास पेशी मोजून दोन-तीन फ्लास्कमध्ये वाटाव्यात.

वाढ खुंटली तर आधी इनक्युबेटरचा (पेशी ठेवायच्या उबदार कपाटाचा) कप्पा बघा. सपाट, बंद पत्र्यावर ठेवलेल्या फ्लास्कला खालून हवा मिळत नाही. जाळीचा कप्पा हवाच. दुसरं कारण हलवाहलव: पेशी पडद्यावरून उठल्या की ऑक्सिजनपासून दूर जातात. म्हणून वाढीचा अंदाज पेशी न हलवता, वरच्या मीडियममधलं ग्लुकोज (पेशी खातात ते) आणि लॅक्टेट (त्या सोडतात ते) मोजून घ्यावा. काढणी मात्र फार सोपी. वरचं नव्वद टक्के मीडियम अलगद ओढून घ्यायचं आणि उरलेल्यात पेशी घोळवून उचलायच्या.

फुप्फुसाच्या ऊतीचे त्रास वेगळेच. त्यात काजळीचे काळे कण असतात. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या रंगाने) मोजताना ते मेलेल्या पेशींसारखे दिसतात आणि जिवंतपणाची टक्केवारी उगाच पडते. ॲक्रिडिन ऑरेंज-प्रोपिडियम आयोडाइड या चमकणाऱ्या रंगांच्या जोडीने मोजलं की हा गोंधळ होत नाही. श्वासनलिकेतले जंतूही सोबत येतात, म्हणून एक ते तीन मिलिमीटरचे तुकडे प्रतिजैविकं आणि बुरशीरोधक घातलेल्या द्रावणात नीट धुवावेत. इथली हयगय पुढे कुठलाही फ्लास्क भरून काढत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, हा फ्लास्क पेशी वाढवतो, निवडत नाही. फुप्फुसाच्या गाठीतल्या कित्येक टी-पेशी ईबीव्ही, सीएमव्ही (दोन्ही सर्रास आढळणारे विषाणू) किंवा फ्लूच्या विषाणूला ओळखणाऱ्या असतात, कर्करोगाशी त्यांचं देणंघेणं नसतं. त्याही तितक्याच जोमाने वाढतात. म्हणून मूळ गाठीच्या थोड्या पेशी सुरुवातीलाच गोठवून ठेवाव्यात आणि काढणीनंतर टीआयएल त्यांच्यासोबत रात्रभर ठेवून इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे टी-पेशी आपलं लक्ष्य ओळखल्यावर सोडतात ते प्रथिन, मोजावं.