जिन्यावरून उतरवायची खुर्ची: सोसायटीने घ्यावीच, पण जिना आधी मोकळा करा

आमच्या सोसायटीने इव्हॅक्युएशन चेअर घेतली, म्हणजे आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही तेव्हा ज्यांना चालता येत नाही त्यांना बसवून जिन्याने खाली आणायची घडीची खुर्ची. मॉक ड्रिलला चालवून बघितली आणि मला मनापासून आवडली.

मागच्या बाजूला रबरी पट्टे असतात, ते पायऱ्यांच्या कडांवर टेकून सरकतात, बसलेल्याच्या वजनानेच पकड बसते त्यामुळे सुसाट सुटत नाही आणि मागे हँडल धरायला एकच माणूस पुरतो. उचलायचं काही नाही, हेच मोठं. आधीच्या ड्रिलला एका आजींना प्लास्टिकच्या खुर्चीवरून चौघांनी उचलून आणलं होतं तेव्हा अख्खा जिना अडला, मागचे सगळे जागच्या जागी उभे आणि प्रत्येक लँडिंगला दारातून नवीन माणसं येऊन घुसतच होती. जिना कागदावर रुंद दिसतो पण उतरताना माणूस डावी-उजवीकडे झुलतो, भिंतीपासून साधारण १५ सेंमी सोडूनच चालतो, म्हणजे खरी वाट कमीच उरते. ही खुर्ची एका कडेने जाते, शेजारून एकेक जण निघू शकतो.

२००१ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हीलचेअरवरच्या एका माणसाला ऑफिसच्या लोकांनी अशाच खुर्चीतून ६९व्या मजल्यावरून उतरवलं, दीडेक तास लागला पण तो वाचला. तिथे १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर अशा खुर्च्या घेऊन ठेवल्या होत्या म्हणून जमलं.

आता कमी काय ते. पलंगावरून किंवा व्हीलचेअरवरून या खुर्चीत बसवणं खूप अवघड आहे, तिथे दोघं लागतातच आणि बसलेल्याला बांधायचे पट्टे नीट आवळायची सवय हवी. गोल जिन्यावर चालत नाही. लँडिंगवर वळवायला जागा लागते आणि आमच्याकडे तिथेच शू रॅक, सायकली, कुंड्या, ते आधी काढा हो, धुरात कुणाला दिसणार आहे!

आणि ही खुर्ची फक्त खाली येते, त्यामुळे तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका, उतरणाऱ्या गर्दीतून उलटं वर कोण घेऊन जाणार, ज्या मजल्यावर गरज आहे तिथल्याच लँडिंगच्या भिंतीला लावा आणि कुलूप अजिबात नको.