पीसीओएस केंद्र: डॉक्टर उत्तम, काउंटरवर मात्र सावध राहावे

पाळी तीन-तीन महिने लांबते ही तक्रार घेऊन मी आजवर जिथे गेले, तिथे "वजन उतरवा, लग्नानंतर सगळे सुरळीत होईल" एवढ्यावर माझी बोळवण झाली. त्यामुळे पुण्यातील या पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) केंद्रात डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कमरेचा घेर आणि रक्तदाब मोजला, मानेवरचा काळेपणा निरखला, घरात कोणाला मधुमेह आहे का, झोपेत घोरते का, मन उदास असते का, हेही विचारले, याचे मला नवल वाटले.

सोनोग्राफीच्या अहवालातील 'गाठी' या शब्दाने मी वर्षभर धास्तावले होते. त्या गाठी नसून वाढ अर्धवट राहिलेल्या बीजपुटिका (अंडाशयातील, बीज ज्यात वाढते त्या बारीक पिशव्या) आहेत, आणि अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य व अंडाशयाचे हे रूप यांपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि थायरॉइडसारखी इतर कारणे वगळली, तरच प्रौढ स्त्रीत पीसीओएसचे निदान होते, असे त्यांनी समजावले. (रॉटरडॅम शहरातील तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेला हा निकष २००३चा आहे; मला तो आत्ता कळला.)

माझी उपाशीपोटीची साखर नेहमी ठीक येत असे. तरीही त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासले, तेव्हा साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे उघड झाले. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होते आणि तेच अंडाशयाला पुरुषी संप्रेरके वाढवायला लावते. हनुवटीवरचे केस आणि साखर यांचे नाते मला इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून मूल नको असले तरी पाळीच्या गोळ्या का हव्यात, हेही तेव्हाच उमगले.

आहारतज्ज्ञांनी मात्र निराशा केली. छापील तक्त्यात किनोआ आणि अ‍ॅव्होकॅडो होते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताक यांचा उल्लेखही नव्हता. मी विचारल्यावर "भाकरीही चालेल" असे उत्तर मिळाले. काउंटरवर तर डॉक्टरांनी न लिहिलेली 'हार्मोन संतुलन' पावडर आणि तीन महिन्यांचे पॅकेज माझ्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. चिठ्ठीत जे नाही, त्याचे पैसे देऊ नयेत. मी दिले नाहीत आणि उपचारात त्यामुळे काही फरक पडला नाही.

ग्लुकोजच्या चाचणीला रात्रीपासून उपाशी जावे लागते आणि मधले दोन तास तिथेच बसावे लागते. खुर्च्या आठच आहेत. माझ्यासह चौघी जणी जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो.