डोक्यावरचा डाग आणि ४५,००० रुपये

बॉल पायथन हा लहान, बिनविषारी अजगर घ्यायच्या विचारात असणाऱ्यांसाठी हे लिहितोय, विशेषतः त्याच्या 'स्केललेस हेड', म्हणजे बिनखवल्याच्या डोक्याच्या प्रकारावर जीव जडलेल्यांसाठी. मला ज्याने फसवलं त्याचा धंदा अजून बंद झालेला नाही. तो कसा चालतो ते सगळं सांगतो. माझी चूक जिथे झाली तिथे तीही सांगतो.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे हिशेब बघतो. २०१९ पासून घरी एक मादी आहे, साध्या तपकिरी-काळ्या नक्षीची. आम्ही तिला तांबू म्हणतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राण्यांची माहिती स्वेच्छेने द्यायला सांगितलं तेव्हा तिची दिली. नोंदणीचे २०२४ चे नियम आल्यावर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तिची रीतसर नोंदणीही केली. तिच्या बाबतीत कागदाला मी कधी कुचराई केली नाही. म्हणूनच पुढे जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते.

हा साप पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. घाबरला की डोकं मध्ये दडवून वेटोळ्यांचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. बंदिस्त पैदाशीतून त्याचे रंग-नक्षीचे असंख्य प्रकार निघालेत, त्यांना मॉर्फ म्हणतात. बहुतेक मॉर्फ रंगाचे. खवल्यांचे मात्र थोडेच, आणि त्यांची ओढ वेगळीच असते. स्केललेस हेडमध्ये डोक्याच्या वरच्या भागावर खवलेच येत नाहीत, त्या जागी कातडी उघडी आणि मऊ असते. असे दोन साप एकत्र आले तर काही पिल्लांना दोन्हीकडून तो गुण मिळतो आणि पोटाखालचे खवले सोडले तर सगळं अंग बिनखवल्याचं होतं. अमेरिकेत ब्रायन बार्चिक यांच्याकडे २०१३ मध्ये असं पिल्लू निघालं तेव्हापासून मी त्याचे फोटो बघत आलोय.

अल्बिनोसारखा गुण हवा असेल तर तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. स्केललेस हेडला एकाकडून आला तरी पुरतो, साधारण निम्म्या पिल्लांत दिसतो. माझ्याकडे साधी मादी होती. एक नर मिळाला की झालं, हा हिशेब मी मनात शंभरदा केला होता. विकणाऱ्याला हेच हवं असतं. माझ्याकडे कोणती मादी आहे हे त्याने पहिल्याच फोनवर विचारून घेतलं आणि मग मला हवं ते वाक्य बोलला, "दादा, तुमच्या मादीला हाच नर शोभतो."

ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने नराचा फोटो पाठवला. डोक्याच्या मधोमध, जरा डावीकडे, एक छोटीशी गुळगुळीत जागा. ती इतकी लहान कशी, असं मी विचारलं. तो म्हणाला, काहींना मोठी येते, काहींना एवढीच. हे खरंच आहे, जागेचा आकार कमी-जास्त असतो. खऱ्या गोष्टीला टेकवून खोटं सांगितलं की ते पटकन गळी उतरतं. नोंदणीचं विचारलं तर त्याने पोर्टलचा एक स्क्रीनशॉट पाठवला, कडा कापलेला, धूसर. "नावावर करून देतो, महिनाभरात." मी तो वाचला नाही. वरचं नाव बघितलं आणि पुढे गेलो. आधी २०,००० भरले, मग पॅकिंगचा व्हिडिओ आल्यावर २५,०००. साप रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्मोकोलच्या पेटीतून आला. जिवंत प्राणी असा पाठवणं चुकीचं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी पहाटे साडेपाचला स्टँडबाहेर जाऊन मी पेटी घेतली.

त्याच आठवड्यात मामा आले. माझे मामा बत्तीस शिराळ्याचे. जिवंत नागाची पूजा उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली त्याआधीचे दिवस त्यांनी हाताने अनुभवलेले. नाग पकडायचे आणि नागपंचमी झाली की पुन्हा ज्याच्या त्याच्या शेतात सोडून यायचे. त्यांनी नर हातावर घेतला, खिडकीकडे नेला, अंगठ्याने त्या जागेच्या कडेवरून हळूच फिरवलं.

"आरं, ह्ये जन्माचं न्हाई. कायतरी चावलंय ह्याला."

मी त्यांना मॉर्फ, जनुकं, सगळं समजावत बसलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आसंल बाबा, मला तुमच्यातलं काय कळत न्हाई." त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. साठ वर्षं साप बघितलेल्या माणसाला मी मोबाइलवरचे फोटो दाखवून गप्प केलं.

नोव्हेंबरमध्ये जोडी लावली. मार्चमध्ये तांबूने सहा अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. अंडी काढून व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या दाण्यांच्या डब्यात, ३१-३२ अंशांवर ठेवली. इथून पुढचे जवळजवळ दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. थर्मोस्टॅट गरम करणं थांबवतो, गार करू शकत नाही. दुपारी डबा खालच्या मजल्यावर, माठाच्या कोपऱ्यात, ओल्या पोत्याजवळ; रात्री पुन्हा वर. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी अंडी, मग पंखा. आईने दोन महिने उकाडा सहन केला आणि एकदाही कुरकुरली नाही.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पहिल्या अंड्यावर बारीक चीर दिसली. मग त्यातून नाकाचं टोक, त्यावर चिकट पाण्याचा बुडबुडा. मी टॉर्च धरून बसलो होतो. डोकं बाहेर आलं. पूर्ण खवल्यांचं. दुसरं, तेही. दोन दिवसांत सहाही बाहेर आली आणि सहाच्या सहा डोकी भरलेली, एकही खवला कमी नाही. पिल्लं सुंदर होती, ठणठणीत होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्याला फोन केला. तो म्हणाला, नशीब, पुढच्या वेळी येतील. गणितानं बघितलं तर निम्म्याची शक्यता असताना सहांपैकी एकही न निघणं चौसष्टांत एकदा घडतं. अशक्य नाही. याच फटीतून त्याने पुन्हा हात घातला, "वीस हजारात दुसरा नर देतो, हमखास." मी वीस हजारांची जुळवाजुळव सुरू केली होती, हेही इथे लिहितो.

वाचवलं ते पिल्लांच्या नोंदीने. नियमाप्रमाणे जन्मही कळवावा लागतो. अर्ज भरायला बसलो म्हणून बापाचा कागद काढला आणि तो स्क्रीनशॉट पहिल्यांदा मोठा करून वाचला. लिंगाच्या रकान्यात 'मादी' होतं. कागद दुसऱ्याच कुठल्या तरी सापाचा.

मग नराला घेऊन पुण्यात सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंग धरलं आणि मलाही बघायला लावलं. खऱ्या स्केललेस हेडमध्ये खवले नसतात, पण डोक्यावरची नक्षी त्या उघड्या कातडीवरून तशीच पुढे जाते, उलट जास्त उठून दिसते. माझ्या नराची काळी पट्टी त्या जागेपाशी येऊन तुटत होती. आत राखाडी, ताणलेली, चकचकीत कातडी, भाजल्याची खूण असते तशी. कडेचे खवले अर्धवट, वेडेवाकडे. एक तर उभा चिरलेला. बहुधा जिवंत उंदीर रात्रभर सापासोबत ठेवला असणार, डॉक्टर म्हणाले. साप भुकेला नसला की उंदीरच त्याला कुरतडतो. उघड्या बल्बला टेकूनही असं होतं. म्हणजे कुणाच्या तरी निष्काळजीपणाने या जिवाला जखम झाली आणि तीच जखम मला दुर्मीळ म्हणून विकली गेली.

त्याची जुनी कात मी पिशवीत ठेवली होती. घरी येऊन ती उजेडात धरली. डोक्याच्या त्या जागी कात फाटलेली होती, तिन्ही वेळच्या कातीत तिथेच.

म्हणून असा साप कुणी देऊ केला तर अंड्यातून डोकं काढतानाचा त्याचा फोटो मागा, आईबापाचे मागा. हा गुण जन्मापासून दिसतो, त्यामुळे ज्याच्याकडे खरा साप आहे त्याच्याकडे हे फोटो असतातच. उन्हात काढलेला डोक्याचा व्हिडिओ मागा आणि नक्षी तुटते का ते बघा. नोंदणीवर नर-मादी, मॉर्फ, मालकाचं नाव शब्दन् शब्द वाचा. हस्तांतर पूर्ण झाल्याशिवाय साप घेऊ नका आणि पैसेही देऊ नका. वन्यजीव कायद्याच्या ४९-एम कलमाखाली ताबा आल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला नोंदणीचा अर्ज करावा लागतो. "महिनाभरात करून देतो" याचा अर्थ मुदत तुमची संपणार, त्याची नाही.

तक्रार करायला मी तीन आठवडे घाबरलो. माझ्याच घरात बिननोंदीचा नर होता. तो विकणारा याच भीतीवर जगतो. त्याच्या शेवटच्या मेसेजमध्ये तेच होतं, "तक्रार करा, आधी तुमच्याच घरी येतील." शेवटी आईच म्हणाली, जे असेल ते जाऊन सांग. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून पैशांची तक्रार नोंदवली आणि वनखात्यात जाऊन नराचं सगळं लेखी दिलं. पैसे जाऊन वर्ष होत आलं होतं, ते परत येतील असं कुणीही म्हणालं नाही. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. जबाब दिला त्या रात्री मात्र मला झोप लागली. मामांना फोन करून माफीही मागितली.

गेल्या महिन्यात कऱ्हाडचा एक मुलगा ओळखीतून माझ्यापर्यंत आला. त्याला कुणीतरी स्केललेस हेड नर देऊ केला होता, दहा हजार आगाऊ मागितले होते. त्याने मला फोटो पाठवला. डोक्याच्या मधोमध, जरा डावीकडे, तीच जागा, कडेला तोच उभा चिरलेला खवला. फोटो माझ्या घरातल्या सापाचा होता. मी लगेच नराला टबातून बाहेर घेतलं, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवलं, डोक्यावर उजेड धरला आणि व्हिडिओ काढून त्या मुलाला पाठवून दिला.