डिक्शनरी नाद खुळा, सेट मात्र उरकला

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत पायथन या कोडिंगच्या भाषेच्या ज्या रविवारच्या बॅचला मी गेले, तिच्याबद्दल मैत्रिणी विचारतात म्हणून लिहिते. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघते. कोडिंगचा गंधही नव्हता.

डिक्शनरी, म्हणजे नावासमोर त्याची माहिती अशा जोड्यांची यादी, सरांनी लई भारी शिकवली. सफरचंद-केळ्याचं ठरलेलं उदाहरण सोडून माझाच सौदा फळ्यावर घेतला. शेतकऱ्याचं नाव ही 'की' (ज्यावरून नोंद शोधायची ती), आलेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ही 'व्हॅल्यू'. नुसता फॉर लूप (एकेक नोंद घेत जाणारी फेरी) फिरवला की नावंच हाती येतात. डॉट आयटम्स लावलं की नाव आणि रवे जोडीनं येतात, तेही ज्या क्रमानं भरले त्याच क्रमानं. हा क्रम पायथनच्या 3.7 आवृत्तीपासून पक्का आहे. मी विचारलं, शून्य रव्यांची नावं लूप चालू असतानाच डिलीट केली तर? सर म्हणाले, "करून बघा की!" रनटाइम एरर, म्हणजे चालता चालताच प्रोग्रॅम अडला. फिरता फिरता डिक्शनरीचा आकार बदललेला चालत नाही. मग आधी कीजची वेगळी लिस्ट करून तिच्यावर फिरायला शिकवलं. वडणगे गावचे एकाच नावाचे दोन पाटील आले तर दुसऱ्याचे रवे पहिल्याच्या नोंदीवर बसतात, यावरही चांगली चर्चा झाली. आमच्याकडं हा प्रश्न रोजचाच.

सेट, म्हणजे एकच नाव दोनदा न येणारा गट, मात्र शेवटी घाईत उरकला, आणि मला हवा होता तोच. गेल्या सौद्याच्या नावांतून आजची नावं वजा केली की न आलेले शेतकरी एका ओळीत मिळतात, एवढं सांगितलं. उलटी वजाबाकी केली की नवीन आलेले मिळतात, हे घरी करून बघितलं. 'पेक्षा लहान'चं चिन्ह (<) तर राहूनच गेलं. शेजारचा पोरगा दहा नावांचा सेट बारा नावांच्या सेटपेक्षा लहान का ठरत नाही म्हणून डोकं खाजवत होता. तिथं संख्या बघतच नाहीत. पहिल्यातलं प्रत्येक नाव दुसऱ्यात हवं, आणि दुसऱ्यात त्याशिवाय काही जास्तीचं हवं. एक नाव जरी बाहेरचं निघालं तरी उत्तर फॉल्स, म्हणजे 'नाही'. रिकामा महिरपी कंस {} सेट नसून डिक्शनरी असतो, हेसुद्धा कुणी बोललं नाही.

गाडी लावायला जागा नाही, चालतच जा. पाचापैकी साडेतीन. सेटला अख्खा रविवार दिला तर उरलेला दीडही देईन.