जवाद सलीम की शाकिर हसन?
बगदादच्या आधुनिक चित्रकलेत शिरायचं तर कोणाचं बोट धरावं? दोघेही इराकी चित्रकार, 1951 च्या 'बगदाद मॉडर्न आर्ट ग्रुप'चे. सलीम पॅरिस, रोम, लंडनला शिकले, पिकासो पचवला आणि तेराव्या शतकातल्या वासिती या चित्रकाराच्या हस्तलिखित-चित्रांकडे वळले. त्यांच्याकडे डोळा असो, चेहरा असो की कलिंगडाची फोड, सगळ्याला चंद्रकोरीचा बाक. बघताक्षणी जीव जडतो. बगदादच्या तहरीर चौकातलं 50 मीटर लांबीचं स्वातंत्र्यशिल्प त्यांचंच. पण 1961 मध्ये ते पुरं होण्याआधीच सलीम गेले.

शाकिर मात्र पुढे माणसं सोडून अक्षरांत शिरले. पोपडे उडालेली भिंत, तिच्यावर कुणीतरी खरडल्यासारखं अर्धवट अरबी अक्षर. वाचायला जावं तर निसटतं. सुरुवात सलीमपासूनच करा. मी हल्ली शाकिरच्या भिंतीपाशी जास्त रेंगाळतो, ते सोडा.