आटे गेले: हेलिकॉइल, बुश की आर्गन?

आवळता आवळता बोल्ट एकदम हलका पडला आणि पान्याबरोबर नुसता फिरायला लागला, की ॲल्युमिनियमचे आटे गेले. बोल्ट बाहेर काढा. त्याच्या खाचांत चकचकीत भुसा आणि आट्याच्या तारा अडकलेल्या दिसतील.

गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो ओव्हरसाइज बोल्टचा. एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टच्या जागी ८.५ मिमी ड्रिल, एम१० चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), काम झालं. ऑइल चेंबरच्या ड्रेन नटला जरा मोठा नट एक वेळ चालून जातो. इतरत्र समोरच्या पार्टचं भोकही वाढवावं लागतं, कडेची भिंत पातळ होते, आणि पुढच्या वेळी आटे गेले तर पोखरायला धातूच उरत नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट बसवणाऱ्याला मात्र गाडी देऊच नका.

भोक जागेवर आणि सरळ असेल, तर खरी निवड हेलिकॉइल आणि भरीव बुश यांच्यात आहे. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. एम८ साठी साधारण ८.३ मिमी ड्रिल आणि तिचा स्वतःचा वेगळा टॅप लागतो, साधा टॅप चालत नाही. स्प्रिंग भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर फुगून धरते. पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसवायची आणि आरपार भोक असेल तर खालची शेपटी तोडून बाहेर काढायची. नीट बसली तर मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत. वॉटर पंप, कव्हर, मॅनिफोल्डसाठी मी हीच घेईन. पण बोल्ट गंजून जाम झाला तर काढताना स्प्रिंगही त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकते.

वारंवार उघडणाऱ्या जागी, म्हणजे ड्रेन नट आणि स्पार्क प्लगला, टाइम-सर्टसारखा भरीव बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी, घ्या. वर कॉलर असल्याने तो खाली सरकत नाही, आणि खालचे आटे बसवतानाच धातूत दाबले जाऊन लॉक होतात. किट महाग आहे, आणि प्रत्येक मापाचं वेगळं. अमेरिकेत फोर्डच्या ट्रायटन इंजिनांच्या सुरुवातीच्या टू-व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) प्लगला जेमतेम चार आटे होते, प्लग आट्यांसकट उडून बाहेर यायचे. तिथे भरीव बुशच उपयोगी पडले. प्लगचं काम हेड न उतरवता करणार असाल, तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, नाहीतर भुसा सिलिंडरमध्ये जातो.

भोकच सरकलं असेल तर ही सगळी चर्चा फुकट. तुटलेला स्टीलचा बोल्ट हाताने ड्रिल करताना ड्रिल कडक स्टील सोडून बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि भोक एक-दोन मिमी बाजूला पडतं. वाकड्या भोकात हेलिकॉइलही वाकडीच बसणार. इथे आर्गन वेल्डिंगने भोक भरून, पृष्ठभाग सपाट करून, नव्याने मारायचं. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते: हेड वाकू शकतं, वेल्डभोवतीचा धातू मऊ पडतो, आणि तेल मुरलेल्या कास्टिंगमध्ये वेल्डला सूक्ष्म छिद्रं पडतात.

आजूबाजूला धातू भरपूर असेल तर उष्णता टाळता येते. मिलिंग मशीनवर एंड मिलने (सपाट टोकाच्या कटरने) भोक मोठं करायचं, त्यात त्याच धातूचा आटेदार डाट लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून बसवायचा, आणि योग्य जागी नवं भोक मारायचं. एंड मिल ड्रिलसारखी पळत नाही. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिन ब्लॉकला मी वेल्डिंगआधी हाच मार्ग बघेन, कारण वेल्ड थंड होताना बिडाला तडे जातात.

टर्नरकडे जाताना जोडीचा पार्टही बरोबर न्या. गॅस्केट ठेवून मार्किंग करू देऊ नका, त्याची भोकं मुद्दाम सैल असतात.