झिनॲडसबएफएक्स: पोकळ सुराला भरीवपणा देणारे सिंथ

साइन लहरींची (एकाच कंपनसंख्येच्या शुद्ध लहरींची) बेरीज करून आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरबद्दल नेहमीची तक्रार अशी, की आवाज स्वच्छ असला तरी पोकळ आणि निर्जीव वाटतो. नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी घडवलेल्या या मोफत, मुक्तस्रोत सिंथमध्ये त्या तक्रारीवर मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर म्हणजे त्यातील पॅडसिंथ हा विभाग.

११० हर्ट्झचा सूर घेतला, तर साध्या बेरजेत २२०, ३३०, ४४० हर्ट्झवर एकेक काटेकोर रेषा उभी राहते. पॅडसिंथ मात्र प्रत्येक हार्मोनिकला (मूळ सुराच्या पटीतील कंपनसंख्येच्या घटकाला) थोडी रुंदी देतो आणि वरच्या हार्मोनिकांना ती अधिक देतो, त्यामुळे अनेक वादक एकत्र वाजवत असल्याचा भास होतो. ही रुंदी, म्हणजे बँडविड्थ, चाळीसेक सेंटवर (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराच्या अंतराचा शंभरावा भाग) ठेवली की तंतुवाद्यांच्या ताफ्याची ऊब येते. ती फार वाढवली, तर सूर धुरकट होतो. शिवाय लहर आधीच तयार करून ठेवलेली असल्याने वाजवताना प्रोसेसरवर भार कमी पडतो.

ॲडसिंथ विभागात दोन व्हॉइस (एकाच वेळी वाजणारे स्वतंत्र ध्वनिस्रोत) चार सेंटने वेगळे लावून ४४० हर्ट्झचा सूर धरून ठेवावा: सेकंदाला साधारण एक अशी संथ आंदोलने ऐकू येतात, आणि तेवढ्यानेच सुरात जीव येतो. खिडक्या पुष्कळ आहेत, सरावाला वेळ लागतो. रिव्हर्बकडे, म्हणजे घुमारा देणाऱ्या इफेक्टकडे, मात्र सर्वांत शेवटी वळावे, कारण हार्मोनिकांची पातळी नीट लागली नसेल, तर रिव्हर्ब पोकळपणा केवळ लांबवतो.